प्रतिपक्षाला चांगली चाल द्या!

दिवाळी आली की आमच्या शहरात पहाटेच्या गाण्यांचे मांडव उभे राहतात. अभ्यंगस्नान उरकून, नवे कपडे घालून, अंगाला उटण्याचा वास घेऊन माणसे खुर्च्यांवर येऊन बसतात. गायक नाट्यपदे म्हणतो, तबलजी शेवटी एक तिहाई उडवतो, टाळ्या पडतात आणि मंडळी फराळाला घरी परततात. मीही दरवर्षी जातो. नाट्यसंगीताचा मी वैरी नाही हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून कोणाची तशी समजूत होण्याचा संभव आहे.

अशाच एका पहाटे गायकाने 'संन्यस्त खड्ग' नाटकातले पद घेतले. माझ्या डाव्या हाताला एक वृद्ध गृहस्थ बसले होते. आयुष्यभर खादी वापरलेले, अहिंसेवरची त्यांची निष्ठा सगळ्या आळीला माहीत असलेली. उजव्या हाताला एक सावरकरभक्त. हे दोघे कोपऱ्यावरच्या दुकानात समोरासमोर आले तरी एकमेकांना नमस्कार करीत नाहीत. पण पदाच्या त्या एका जागेवर दोघांच्याही तोंडून एकाच क्षणी 'वाहवा' निघून गेली. दोघांनी चमकून एकमेकांकडे पाहिले आणि पुन्हा माना वळवल्या.

मला हसू आले, आणि मागाहून वाईट वाटले. हसू अशासाठी की 'संन्यस्त खड्ग' हे सावरकरांचे नाटक १९३१ सालचे. त्याच वर्षी गांधी-आयर्विन करार झाला. सावरकर त्या वेळी रत्नागिरीत स्थानबद्ध होते. शाक्यांचा सेनापती बुद्धाकडून दीक्षा घेतो, खड्ग खाली ठेवतो, आणि पुढे राष्ट्रावर स्वारी झाल्यावर ते पुन्हा हाती घेतो, अशी त्याची कथा. निरपवाद अहिंसा चालेल की नाही, एवढ्या एकाच प्रश्नावर नाटक उभे आहे. चाली वझेबुवांच्या, रंगमंचावर दीनानाथ. म्हणजे डावीकडच्या गृहस्थांनी ज्या पदाला दाद दिली ते त्यांच्या जन्मभराच्या निष्ठेविरुद्ध उभ्या केलेल्या नाटकातले होते. वाईट अशासाठी वाटले की दोघांपैकी कोणालाही त्या क्षणी नाटक आठवले नव्हते. पद तेवढे तरले, वाद बुडाला.

आमच्याकडे संगीत नाटकाचे जे झाले ते एवढ्यात सगळे आले. आज तो पदांचा डबा झाला आहे. झाकण उघडावे, एक चकली काढावी, झाकण लावावे. आणि कोणी म्हणाले की संगीत नाटकात आजचे राजकारण आणा, तर रसिक मंडळी कानांवर हात ठेवतात. 'गाण्यात तरी भांडण नको हो!' मला हे वाक्य मुळीच मान्य नाही. भांडण नको असेल तर गाणेही राहत नाही, याला शंभर-सव्वाशे वर्षांचा पुरावा आहे.

१८९९ साली देवलांनी 'शारदा' रंगभूमीवर आणले ते कोणाचे कान निववण्यासाठी नव्हे. थेरड्या श्रीमंताला कोवळी मुलगी विकणारा बाप आणि ती सोयरीक जुळवणारा दलाल प्रेक्षकांतच बसलेला होता. देवलांनी त्याला त्याच्याच पैशाच्या तिकिटावर आरसा दाखवला. १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला, तो हरबिलास सारडा यांच्या नावाने. पण मराठी माणसाने त्याला बेधडक 'शारदा कायदा' म्हणून टाकले. चूक खरी, पण असली चूक होण्याचे भाग्य किती नाटकांना लाभते? खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर सरकारने १९१० साली बंदी घातली, ते गद्य नाटक म्हणून येथे सोडून देतो. पण १९२१च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला, तो तर गाण्याचाच उत्सव होता. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श या एकमेकींशी चढाओढ करणाऱ्या कंपन्या. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. दोघांचे चाहते एकमेकांना पाण्यात पाहणारे. त्या रात्री दोघे एकाच बोर्डावर गायले, कोणीही आपले गाणे आखडते घेतले नाही, आणि पैसे स्वराज्याच्या झोळीत पडले. केशवराव त्यानंतर तीन महिन्यांत गेले.

तेव्हा संगीत नाटक आणि राजकारण यांचा विटाळ मानणाऱ्यांनी आधी आपल्याच आजोबांचा इतिहास वाचावा. पण हा पक्ष तसा निरुपद्रवी आहे. मला खरा झगडा घालायचा आहे तो दुसऱ्याच लोकांशी.

त्याआधी आमच्या गावाची हकीकत सांगितली पाहिजे.

ज्या गावात मी राहतो त्याचे नाव उच्चारले की ऐकणारा मनातल्या मनात तुमचा पक्ष ठरवून टाकतो. 'औरंगाबाद' म्हटले की एक शिक्का, 'संभाजीनगर' म्हटले की दुसरा. नाव बदलण्याची घोषणा १९८८ साली जाहीर सभेत झाली आणि सरकारी मोहोर उठली २०२३च्या फेब्रुवारीत. मधली पस्तीस वर्षे माणसे बोलताना चाचपडत होती. जुनी माणसे अजूनही 'आपले गाव' म्हणून वेळ मारून नेतात. त्याआधी विद्यापीठाच्या नावावरून हेच झाले. २७ जुलै १९७८ला विधिमंडळाने ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. २०१८च्या मे महिन्यात जुन्या शहरात दंगल, २०२३च्या रामनवमीच्या आदल्या रात्री किराडपुऱ्यात जाळपोळ. आणि शेजारच्या जालना जिल्ह्यात, एकाच अंबड तालुक्यात, थोड्याच अंतरावर दोन मांडव. अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणासाठी उपोषण, आणि २०२४च्या जूनमध्ये वडीगोद्रीला ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी उपोषण. मधल्या रस्त्यावरच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या एकाच बांधावर भाकरी सोडलेली माणसे कोणाच्या दुकानातून किराणा घ्यायचा याचा विचार करू लागली.

ही गोष्ट फार दूरची आहे असे ज्यांना वाटते त्यांनी यंदाच्या फराळाच्या ताटाभोवती नीट पाहावे. माझे साडू आणि मी एका लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी यापैकीच एका विषयावरून असे काही बोललो की दोन वर्षे दोन्ही घरांतल्या करंज्या एकमेकांकडे मुलांच्या हाती जातात. आम्ही जात नाही. बायकांनी घरच्या फोनगटावर नियम करून टाकला आहे: येथे राजकारण बोलायचे नाही. या नियमाने शांतता आली, हे खरे. पण शांतता आणि अबोला यांतला फरक वाचकांना मी समजावून सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, या सगळ्यात गाणे कोठे आहे? गाणे रस्त्यावर आहे. मिरवणुकीच्या पुढे, माणसापेक्षा उंच ध्वनिवर्धकांच्या भिंतीतून. ज्या दारापुढे नको त्याच दारापुढे मुद्दाम आवाज चढवायचा, ही आमची आजची संगीत रंगभूमी. प्रत्येक जातीचे, प्रत्येक धर्माचे, प्रत्येक पुढाऱ्याचे गाणे तयार आहे. त्यात आपण शूर, समोरचा हलकट. आपला वंश सिंहाचा, समोरचा कोल्ह्याचा. ही गाणी ऐकणारा माणूस आधीपासूनच त्या बाजूचा असतो. त्याचे मत बदलत नाही, फक्त रक्त तापते.

हेही नवे नाही. एकोणिसशे वीसच्या दशकात पुण्यात हाच खेळ फार निगुतीने चालला होता. एकीकडे गणपतीचे मेळे, दुसरीकडे केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांचे छत्रपती मेळे. ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाचा वणवा पेटलेला. दोन्हीकडे पोरे रांगेत उभी राहून, टिपऱ्या-लेझीम घेऊन, प्रतिपक्षाची सुरेल निंदा करीत. छत्रपती मेळ्यांच्या पाठीशी फुल्यांच्या सत्यशोधकांचे जलसे होते, आणि त्या जलशांनी खेड्यापाड्यांत केलेले काम मोठे आहे. त्याच वाटेने पुढे भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे आले. शतकानुशतके ज्याला तोंडच उघडू दिले नव्हते त्याने पहिल्यांदा तोंड उघडले तर तो सुरात शिवी देणार, याबद्दल माझी तक्रार नाही. पण मेळ्यांच्या त्या सुरेल शिव्यांनी कोणाचे मत पालटले असे मला कोठे वाचायला मिळालेले नाही. पुढे तेच जेधे आणि काकासाहेब गाडगीळ काँग्रेसमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहिले, तेव्हा त्या दोघांना एकत्र आणणारे एकही पद कोणत्याही मेळ्याच्या वहीत नव्हते.

माझा झगडा या मेळेवाल्यांशी आहे. कालच्या नव्हे, आजच्या. आणि तितकाच तो त्यांच्या उलट टोकाला बसलेल्या सरकारी एकतावाल्यांशी आहे. तुम्ही ती नाटुकली पाहिली असतील. एक टोपी, एक फेटा, एक पगडी, एक क्रूस. चौघे हात धरून येतात, आपण सारे भाऊ म्हणून गातात, पडदा पडतो, पाहुण्यांना नारळ मिळतो. या नाटुकल्यात भांडणच नसते. मग मिटते ते काय? मेळेवाला निदान प्रामाणिक असतो, त्याला समोरच्याचा राग आलेला असतो. एकतावाल्याला समोरच्याचे काय म्हणणे आहे हेही माहीत नसते.

मग करावे काय? उत्तर आमच्याच जिल्ह्यात, पैठणला, सव्वाचारशे वर्षांहून अधिक काळ पडून आहे.

नाथांचे 'हिंदु-तुर्क संवाद' हे भारूड किती जणांनी सबंध वाचले आहे? नाथांच्या समतेवर भाषणे करणारेही त्याचा शेवट तेवढा सांगतात. शेवटी दोघे एकमेकांना वंदन करतात, आलिंगन देतात, ठीक आहे. पण आधीचे काय? आधी हिंदू आणि तुर्क, म्हणजे त्या काळच्या बोलीत मुसलमान, एकमेकांची सालटी काढतात. तुर्क मूर्तिपूजेवर तुटून पडतो, देवांच्या पुराणातल्या भानगडी काढतो, सोवळ्याओवळ्याची आणि पंक्तिभेदाची टर उडवतो. ब्राह्मण त्याला विचारतो की तुझा देव एकाच दिशेला कोंडला आहे काय. जीव मारून पुण्य लाभते हे कोणते शास्त्र? दोघांचीही जीभ सारखीच तिखट. तुर्काच्या तोंडी दखनी वळणाची भाषा, ब्राह्मणाच्या तोंडी मराठी. आणि हे सारे लिहिणारा कोण? पैठणचा ब्राह्मण, ज्याचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर मुसलमानी सत्तेच्या चाकरीत होते. नाथांना दोन्ही बाजूंचे खरे टोमणे ठाऊक होते, ओसरीवर, बाजारात, किल्ल्याच्या दाराशी ऐकलेले. आणि मुख्य गोष्ट अशी की त्यांनी तुर्काला पडका मुद्दा दिला नाही. हिंदू श्रोत्याला झोंबेल असाच दिला.

भारूड हे नुसते वाचायचे काव्य नव्हे. ते सोंग आहे, टाळ-मृदंगावर उभे राहून करायचे. भारूडकार पुष्कळदा एकटाच दोन्ही सोंगे काढतो. आता विचार करा. त्याच गळ्याने घटकाभर तुर्क व्हायचे आणि घटकाभर ब्राह्मण. प्रतिपक्षाची बाजू तालात म्हणायची म्हणजे ती पाठ करावी लागते, तिचे खटके सांभाळावे लागतात, समेवर तिलाही तितक्याच जोराने आणून बसवावे लागते. वादसभेतला वक्ता समोरच्याचे म्हणणे मोडतोड करून मांडू शकतो; गायकाला ते जमत नाही, तो बेताल होईल. आणि ऐकणाऱ्याचे तर आणखीच अवघड. मुद्दा आवडला नाही तरी चाल घरी येते. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात आपण शत्रूचे पद गुणगुणत असतो!

माझे म्हणणे एवढेच आहे. फुटलेल्या समाजात संगीत नाटकाला काही काम असेल तर ते हे: प्रतिपक्षाला चांगली चाल द्या. दुय्यम, बेसूर, हास्यास्पद नको. अंकातली सर्वांत चांगली चाल द्या.

उस्मानपुऱ्यात महापालिकेने बांधलेले नाट्यगृह आहे, त्याला संत एकनाथ रंगमंदिर म्हणतात. नाथांच्या नावाची वास्तू उस्मानच्या नावाच्या पुऱ्यात. 'हिंदु-तुर्क संवाद' करायला जगात याहून योग्य जागा सापडणार नाही. तेथे मी हसवणुकीची नाटके पाहिली, सत्कार पाहिले, शाळांची स्नेहसंमेलने पाहिली. हे भारूड मात्र कधी पाहिले नाही. ज्या जिल्ह्यात ते जन्मले तेथल्या धाडसाची ही कथा.

कोणी म्हणेल, नाथांचा काळ वेगळा होता. मग १९७२ घ्या. 'घाशीराम कोतवाल'. तेंडुलकरांची संहिता, भास्कर चंदावरकरांचे संगीत, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन. त्यावर झालेला गदारोळ सर्वांना आठवतो. एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबवले, कलावंतांनी थिएटर ॲकॅडमी काढून पुन्हा उभे केले, १९८०च्या युरोप दौऱ्याच्या वेळी पुन्हा रणे माजली. एक बाजू म्हणाली ब्राह्मणांची बदनामी, दुसरी म्हणाली ब्राह्मण्याचा पर्दाफाश. दोघांनीही इतिहासाच्या पोथ्या काढल्या. मला मात्र त्या नाटकात सर्वांत भयंकर वाटले ते त्याचे गोड असणे. पांढऱ्या धोतरांची ती डुलणारी भिंत, अभंगातून लावणीत आणि लावणीतून कीर्तनात निसटत जाणारे सूर. मागच्या बाजूला एका बापाची मुलगी विकली जाते आहे आणि मी, तिकीट काढून बसलेला सज्जन गृहस्थ, पायाने ठेका धरतो आहे! नानाला काळ्या मिशा लावून खर्जात गुरगुरायला लावले असते तर मी त्याचा निषेध करून सुखाने घरी गेलो असतो. त्या रात्री मला सुखाने जाता आले नाही.

येथे वाचकांपैकी काहींच्या मनात आलेला आक्षेप मी ओळखतो, आणि तो हलका नाही. १९७८ साली ज्याचे घर जळाले त्याला तुम्ही हे सांगणार काय, की जाळणाऱ्यालाही एक चीज द्या? प्रत्येक भांडणाला दोन सारख्या बाजू असतात काय?

नसतात. आगीला दुसरी बाजू नसते. पण चाल देणे म्हणजे निर्दोष सोडणे नव्हे. 'घाशीराम'मध्ये नानाला चाल मिळाली, सुटका मिळाली नाही. जाळणारे राक्षस नव्हते हेच तर त्यातले दुःख आहे. ते त्याच गावचे होते. आदल्या आठवड्यात त्याच माणसांबरोबर त्यांनी एकाच शेतात खुरपणी केली असेल. त्यांना राक्षसाचे मुखवटे चढवले की खुर्चीत बसलेला प्रेक्षक निःश्वास सोडतो: मी काही तसा नाही. त्याच्या तोंडी आधी एक गोड पद घाला, आपल्या गावाच्या मानाचे, आपल्या वाडवडिलांच्या नावाचे. प्रेक्षकाला त्यावर डोलू द्या. मग पुढच्या प्रवेशात झोपडी पेटू द्या. ते पद गळ्यातच अडकेल. मात्र एक अट घालतो. हा उद्योग ज्याने मार खाल्ला त्याच्या गळ्यात मारायचा नाही. वामनदादा कर्डकांच्या वाटेने जाणाऱ्या शाहिराने जाळणाऱ्यासाठी चाल शोधत बसावे, असे सांगण्याचा मला अधिकार नाही. प्रतिपक्षाला चाल देण्याचे कर्ज ज्याचा हात वर होता त्याच्या बाजूकडे आहे. वरच्याने खालच्याची बाजू आधी गाऊन दाखवावी.

आमच्या भागात हे कोणी करूच शकत नाही असेही नाही. जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थचे राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले, नंदू माधव यांनी बसवलेले आणि शाहीर संभाजी भगत यांच्या कल्पनेवर नि संगीतावर उभे राहिलेले 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' २०१२ साली आले. जालन्याकडची शेतकऱ्यांची पोरे मुंबई-पुण्याच्या रंगमंचावर दणदणत गेली. यमराज महाराजांना न्यायला येतो आणि पगडीच्या घोळात सापडतो. ती पगडी कोणाच्या डोक्याला बसते ते पाहत तो हिंडतो, आणि भीमनगरात पोरांचा सवाल-जवाब रंगतो की शिवाजी नेमका कोणाचा. लोकांनी ते उचलून धरले. पोवाडा, जलसा, तमाशा यांतले जे जिवंत होते ते सारे त्यात होते. त्या नाटकाबद्दल मला आदर आहे, म्हणूनच एक तक्रार नोंदवतो. सवाल-जवाबात एका फडाला हरण्यासाठीच उभे केले आहे, असे मला पाहताना वाटत राहिले. ज्याने शिवाजीला एका धर्मापुरता करून ठेवला त्याच्या मनात कोणती भीती आहे, कोणती जखम आहे, ती एकदा तरी खऱ्या सुरात यायला हवी होती. आली असती तर त्याच्या बाजूचा प्रेक्षक आत ओढला गेला असता. मग त्याला हरवण्यात खरी मर्दुमकी होती.

आता थोडे अमेरिकेकडे वळतो. वाचकांपैकी पुष्कळांची मुले-नातवंडे तिकडे आहेत, आणि तिकडच्या जेवणाच्या टेबलावरही आता तोच नियम झाला आहे असे ती सांगतात: राजकारण बोलायचे नाही. त्या देशाने संगीत नाटकाचा मोठा उद्योग केला आहे, आणि राजकारणाला ते भ्याले नाहीत. '१७७६' हे १९६९ सालचे नाटक घ्या. स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर होतो, ही गोष्ट. त्यात स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या, आपली इस्टेट सांभाळणाऱ्या सभासदांना एक स्वतंत्र पद आहे, डौलदार, संथ, दरबारी नाचाच्या लयीचे. १९७० साली नाटक व्हाइट हाउसमध्ये निक्सन यांच्यापुढे व्हायचे ठरले तेव्हा ते पद गाळण्याची सूचना आली. कलावंतांनी गाळले नाही. १९७२च्या चित्रपटातून मात्र निर्मात्याने ते कापले, आणि ते परत जोडले जायला अनेक वर्षे लागली. पाहा, चांगली चाल मिळालेला प्रतिपक्ष किती झोंबतो! निंदेचे पद असते तर एवढी धावपळ झाली नसती.

आणि २०१५चे 'हॅमिल्टन'. राष्ट्राचे संस्थापक गोरे, त्यांच्या भूमिका करणारे बहुतेक नट काळे आणि लॅटिन वंशाचे. मंत्रिमंडळातले वाद रॅपमध्ये, म्हणजे आपल्या सवाल-जवाबाच्या चुलतभावात. सर्वांत चटकन तोंडात बसणारी चाल दिली आहे कोणाला, तर इंग्लंडच्या राजाला! नाटककाराला मर्म कळले होते. पण १८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री काय झाले ते बोधप्रद आहे. नुकतेच उपाध्यक्षपदी निवडून आलेले माइक पेन्स प्रेक्षकांत आले. काही प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. प्रयोग संपल्यावर एका नटाने प्रेक्षकांना शांत केले आणि पेन्स यांना उद्देशून एक निवेदन वाचून दाखवले. सकाळी ट्रम्प यांनी माफीची मागणी केली. पुढे काही दिवस सारा देश निवेदनावर भांडला, दोन्ही बाजूंनी, आपापल्या ठरलेल्या जागेवरून. निवेदन सभ्य होते, त्यातली भीतीही खरी होती. तरी मला वाटते, अडीच तास गाऊन जे पेन्स यांच्या कानात शिरले असेल ते शेवटच्या दोन मिनिटांच्या गद्याने पुसून टाकले. शत्रू आपण होऊन तिकीट काढून येतो, पाय हलवतो, यापेक्षा नाटकवाल्याला आणखी काय हवे असते?

तेव्हा आमच्या गावच्या लेखकांना, संगीतकारांना आणि राज्य संगीत नाट्य स्पर्धेत जुनीच नाटके नव्या शालूत नेसवून उभी करणाऱ्या मंडळींना माझे सांगणे आहे. विषय शोधायला लांब जाऊ नका. एक घर घ्या, ज्यात आजीचा जन्मदाखला एका गावचा आहे आणि नातवाचा दुसऱ्या, आणि दोन्ही गावे एकच आहेत. नाहीतर अंबड तालुक्यातला तो रस्ता घ्या, दोन मांडवांच्या मधला, त्यावर एक चहाची टपरी, आणि टपरीवाला ज्याला दोन्हीकडचे गिऱ्हाईक हवे आहे. मराठ्याच्या पोराला असे पद द्या की वडीगोद्रीच्या माणसाच्या पोटात तुटेल: वाटण्या होत होत दीड एकरावर आलेली जमीन, बापाने घेतलेला फास, हुकलेली फौजदारकी. ओबीसीच्या पोराला असे द्या की अंतरवालीचा माणूस मान खाली घालील: पिढ्यांचे बलुते, आत्ताच कोठे दाराशी आलेली एक नोकरी, आणि तीही जाणार ही धास्ती. दोन्ही चाली एकाच रागातून काढा, म्हणजे शेवटच्या प्रवेशात त्या एकमेकींत गुंफता येतील. त्या गुंफल्या गेल्याच पाहिजेत असा माझा आग्रह नाही. नाथांना आलिंगन साधले. आपल्याला न साधले तर पडदा भांडणावर पडू द्या, पण दोघेही सुरात भांडोत.

खर्चाचे कारण सांगू नका. ऑर्गन, सारंगी आणि तिरखवाँसाहेबांचा तबला घेऊन बसणारी गंधर्व मंडळी कर्जात बुडाली हे खरे. पण भारुडाला टाळ, मृदंग आणि दोन गळे पुरतात. सरकारच्या परिनिरीक्षण मंडळाकडून संहिता मंजूर करून घ्यावी लागते, तेथे काही लाल रेघा येतील, येऊ द्या. दोन्ही बाजूंच्या संघटना एकाच दिवशी निषेधाला आल्या तर नाटक जमले असे समजा.

पहिला प्रयोग पैठणला, फाल्गुन वद्य षष्ठीच्या सुमाराला, नाथांच्या यात्रेत करावा. माझी दोन तिकिटे आत्ताच राखून ठेवा, शेजारशेजारची. साडूंना निरोप मुलांच्या हाती, करंज्यांच्या डब्यातून पाठवतो आहे.